कोऱ्या सहीचा रहिवासी

गूळ होण्याच्या बेतात आला की उकळत्या रसाचा वास बदलतो. आधी त्यात ओल्या गवताची हिरवी छटा असते. ती विरते आणि भाजलेल्या, किंचित खारट गोडव्याने नाक भरून जातं. दिंद्रुडजवळच्या त्या गुऱ्हाळात हा वास दरवळला तेव्हा माझ्या मांडीवर रतनची फाईल उघडी होती. रस उकळायच्या मोठ्या काहिलीपाशी उभ्या रतनने हात वर केला. चुलवाणातला जाळ मागे ओढला गेला. सगळ्यांचं लक्ष काहिलीकडे होतं. माझं एका तारखेकडे.

मी माजलगावात लेबर कन्सल्टंट आहे. लहान उद्योगांची कामगारविषयक कागदपत्रं नीट ठेवणं हे माझं काम. गुऱ्हाळाचे मालक लिंबाजीराव एका मोठ्या कंपनीला गुळाची पावडर पुरवणार होते. त्याआधी कंपनीचं ऑडिट होतं. म्हणजे त्यांचा माणूस येऊन पाहणार, की कामावर कोण आहेत आणि त्यांची ओळखपत्रं खरी आहेत का. प्रत्येक फाईलवर ‘मूळ कागद तपासले’ अशी सही मी करायची होती.

रतन तिथला गुळव्या. रस नेमका कधी उतरवायचा हे ठरवतो तो गुळव्या. त्याचा अंदाज जरासा चुकला तरी सगळी काहील वाया जाते. रतन बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगे. तो बंगालचा आहे हे सर्वांना ठाऊक होतं. त्याच्या आधार कार्डासाठी जोडलेल्या सरपंचांच्या दाखल्यात मात्र लिहिलं होतं : जन्मापासून याच गावचा रहिवासी. तारीख जानेवारीतली.

त्या गावच्या सरपंचबाई स्वतः ऊसतोडीला जातात. दसरा झाला की निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

“लिंबाजीराव, त्या जानेवारीत सरपंचबाई गावात होत्या?”

“छ्या! त्या तवा कर्नाटकात, उसाच्या फडावर.”

“मग ही सही?”

ते मोकळेपणी हसले. “मॅडम, बाई लई धोरणी हायेत. जातानाच धा-पंधरा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठिवत्यात. मागं म्हाताऱ्याकोताऱ्यांना दाखला लागला तर कोन देनार? निम्मं गाव फडावर आसतंय.”

“रतनचा दाखला कोणी भरला?”

“म्याच. त्येला शिमकार्ड मिळंना, बँकेत खातं निघंना. म्हनलं, इतकी सालं हितंच राबतोय, आपलाच हाय.”

“पण जन्म इथला, असं कावून लिहिलंत?” ‘का’ऐवजी माझ्याही तोंडी त्यांच्या बोलीतला शब्द आला.

“मंग काय लिवू? समद्यांच्या दाखल्यात तसंच लिवत्यात.”

काहील उतरवून रतन हात धुऊन आला. हातांना राख आणि पाक यांचा एकत्र वास होता. मी त्याला समोर बसवलं.

“दादा, बंगालमधलं गाव कुठलं?”

त्याने मालकांकडे पाहिलं, मग फाईलकडे. “नदीच्या पल्याडचं, मॅडम. बांगलादेश.” त्याची बोली अस्सल इथली होती, फक्त काही ‘स’ ओठांवर येईपर्यंत ‘श’ होत.

“पासपोर्ट, व्हिसा?”

“काईच न्हाई.”

लिंबाजीराव ताडकन उठले. “इतकी सालं, बे! एक शब्द न्हाई बोल्लास?”

“तुमी बंगाल म्हनल्यावर फुडं इचारलंच न्हाई, मालक.”

ते खरंच होतं. लिंबाजीराव पुन्हा बाजेवर बसले.

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, आसं करू. त्येचं नाव लिस्टमधून काढा. ऑडिटच्या दिशी त्येला पाटोद्याला पाव्हन्याकडं धाडतो. आपली मानसं न्हाईत का कर्नाटकात जात? त्येंना कोन इचारतंय?”

“ती देशातल्या देशात जातात, भाऊ.”

मी त्यांना सोप्या भाषेत समजावलं. वैध कागदांशिवाय परदेशी माणूस आपल्याकडे आहे हे कळल्यावर त्याला कामावर ठेवणं, लपवणं हा मालकाचा गुन्हा. काल त्यांना माहीत नव्हतं, आज आहे. त्याहून जड गोष्ट तो दाखला. रतन आला तेव्हा त्याच्याकडे कागद नव्हता. लिंबाजीरावांनी मायेपोटी त्याला कागद दिला, आणि तो खोटा होता. परवान्याविना राहणाऱ्या माणसाला त्यांनी बनावट ओळखीचाही आरोपी केलं होतं.

“आनि तुमी?” लिंबाजीरावांनी विचारलं. “गेल्या वर्सीच्या फाईलवर शिक्का कुनाचा हाय?”

माझाच होता. तो दाखला मी तेव्हाही हाताळला होता. तारखेवर बोट थांबलं नव्हतं.

“माझा. तेही लेखी देईन,” मी म्हणाले.

बीडच्या एका वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, वाटा दोनच. पहिली, रतनने आपणहून पोलिसांपुढे जाऊन खरं सांगायचं. मग कोठडी, कोर्ट, ओळखीची पडताळणी आणि परत पाठवणी. दुसरी त्यांनी सांगितली नाही, गरजही नव्हती. अशी माणसं बाजारच्या दिवशी जीपमध्ये बसतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने उतरतात.

“कोठडी किती दिवस?” रतनने विचारलं.

“मी सांगू शकत नाही. महिने लागतील.”

त्याने जमिनीवर बोटाने एक रेघ ओढली, पुसली. “माय खजुराचा गूळ करती. तिच्यापशी शिकलो. हितं आल्यापास्नं तिचं तोंड बगितलं न्हाई. पळालो तर आनखी एक खोटं नाव. घरी जायाचं तर खरं नावच लागंल ना?”

“लागेल.”

“मंग चला. दुसरी काहील चढलीया, तेवढी उतरवून येतो.”

त्याने ती उतरवली. गूळ सोन्यासारखा उतरला, पण त्याकडे कोणी पाहिलं नाही. पोलिसांना द्यायचा जबाब मी लिहीत असताना लिंबाजीराव तीनदा उठून बाहेर गेले. चौथ्यांदा आत येऊन म्हणाले, “लिवा मॅडम. दाखला म्या भरला. त्येला वाचता बी येत नव्हतं. सही करतो.”

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीचं काम त्या हंगामात गेलं. रतन आपणहून पोलिसांपुढे गेला. खोट्या दाखल्याच्या गुन्ह्यात लिंबाजीरावांना जामीन मिळाला. खटला सुरू आहे. मलाही खुलासा द्यावा लागला, जबाब नोंदवावा लागला. रतन कोठडीत राहिला, अपेक्षेपेक्षा जास्त. वकीलबाई कोर्टात दर तारखेला उभ्या राहिल्या, लिंबाजीराव दर तारखेला मागच्या बाकावर बसले. सरपंचबाई आता लेटरहेड कुलपात ठेवून किल्ली सोबत नेतात. गावातल्या म्हाताऱ्यांची त्यामुळे खरोखर गैरसोय होते. नव्या गुळव्याने दोन काहिली करपवल्या.

माझ्या व्यवसायापुरतं मला एवढंच कळलं : फाईल तपासण्याआधी माणसाला त्याचं गाव विचारावं, आणि उत्तर आल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा. दया करायची असेल तर ती कोऱ्या कागदावर करू नये.

चैत्रातल्या एका दुपारी अनोळखी, परदेशी नंबरवरून फोन आला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता, आणि कोणी बाई हसत की रडत काहीतरी बोलत होती. मग तिच्या आवाजावर एक ओळखीचा आवाज आला.

“पोचलो.”