आत्याबाईंचा ऊद ओट्यावर कसा गेला

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी सगळंच सांगतो, निदान तिचा तसा समज आहे. तुम्ही हसाल. हसा, गोष्टच तशी आहे.

जुन्या जालन्यात माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, कापडाचं दुकान होतं. जिथे प्यायच्या पाण्याचा नळ मनात आलं तर येई, तिथे या गृहस्थांना नाद कसला — समुद्रातले मासे पाळायचा! गिऱ्हाइकं साड्या कमी आणि दुकानातली टाकीच जास्त बघायची. पण मुंबईहून आणलेला मासा थेट त्या टाकीत जात नसे. आधी काही आठवडे घरी, मधल्या खोलीत, वेगळ्या टाकीत. आजार घेऊन आला असेल तर जुन्यांना लागू नये म्हणून. दाजींच्या आत्याबाई याला 'माशांचं सुतक' म्हणायच्या. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, तरी घरात सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या त्याच.

तेव्हा वेगळ्या टाकीत एक जोडी होती, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. आत्याबाईंनी बघताक्षणी त्यांना नवरा-नवरी करून टाकलं. मी भोकरदनहून नोकरी शोधायला आलेलो, म्हणजे घरातला एकमेव रिकामा माणूस. दाजींनी मला कामाला लावलं. रोज टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि पिंपात माशांसाठीचं खास समुद्री मीठ कालवून ठेवलेलं पाणी तेवढंच घालायचं. मग काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे — पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर पाण्यात विष.

मग सगळे मंठ्याला लग्नाला गेले. घरी मी आणि आत्याबाई. आणि अवेळी नळ आला!

नळ आला की आपण काय करतो? शिळं ओतायचं, ताजं भरायचं. डोकं लागतंच कुठे? मी माठ ओतले, हंडे ओतले — आणि त्याच झपाट्यात ते पिंपही. दाजींचा अख्खा समुद्र मोरीतून वाहून गेला.

शेजारी फोन होता. विचारता आलं असतं. पण दाजींनी विश्वासाने दिलेलं पहिलंच काम — मी बावळट ठरू? स्वयंपाकघरातलं खडेमीठ घेतलं, नळाच्या पाण्यात कालवलं. खारेपणा मोजायचा काटा बराबर जागेवर आला, मी स्वतःवर खूश. पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास येत होता. पण काट्याला कुठे नाक असतं? त्या दिवशी टाकीत तेच पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी हिरवंगार. मी काय केलं — नळी धुऊन ठेवली.

मंडळी परतली तेव्हा नवरा तळाशी आडवा. दाजींनी खोलीत वास घेतला. "इथं ऊद जाळला व्हता का? पाण्यात धूर गेला असंल." आत्याबाई रोज संध्याकाळी धूपदाणी घेऊन, गुणगुणत, घरभर ऊद फिरवायच्या. त्यांचं सगळं सुख त्यात. दाजींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी — मान हलवली. वर म्हणालो, "मी सांगितलं होतं आत्याबाईंना."

सांगितलं वगैरे काही नव्हतं.

"सांगितलं असंल बाप्पा, मलाच याद न्हाई राह्यली," त्या म्हणाल्या आणि टाकीपाशी बसल्या. "नवरीला म्या मह्यासारखं करून ठिवलं रे."

नवरी मात्र जगली. दाजींनी तिला चांगल्या पाण्यात घेतलं, ती दुकानात गेली, आणि आत्याबाई दाजींच्या मागेच लागल्या — "तिचं दुसरं लगन लावा, जल्दी!" मुंबईहून नवा नवरा आला. त्याचं सुतक फिटलं तेव्हा आत्याबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी! मीही हसलो.

ऊद मात्र पुन्हा घरात आला नाही. संध्याकाळी त्या बाहेर ओट्यावर बसून जाळायच्या. पुढे दाजींचा नाद सुटला, टाक्या विकल्या, घरात मासा म्हणून उरला नाही, तरी ओट्यावरच. "आत या," म्हटलं तर म्हणायच्या, "न्हाई रे, मह्या हाताचा भरोसा न्हाई."

पावसाळ्यात त्यांच्या डोक्यावर छत्री मी धरायचो. आत्याबाई अख्ख्या गल्लीला सांगायच्या, एवढं मायाळू लेकरू दुसरं न्हाई म्हणून.

मी ऐकून घ्यायचो, आणि छत्री जरा त्यांच्या बाजूला सरकवायचो.