बेसूर बशीरचा वाद्यवृंद

स्नेहसंमेलनाचा आठवडा म्हणजे संगीतशिक्षकाची सत्त्वपरीक्षा. पेटीचा एखादा सूर नेमका तेव्हाच मुका होतो, बासरी तडकते, कुणाकडं पांढरे बूट नसतात आणि मुख्याध्यापकांना स्वागतगीतात ऐनवेळी आणखी एक कडवं हवं असतं. त्या मंगळवारी सकाळी मी पेटी उघडून बसलो होतो, तेव्हा इम्रानचा, माझ्या जुन्या दोस्ताच्या, बशीरच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बू गेले." आईला भेटायला म्हणून बशीर रविवारी लातूरहून कंधारला गेला होता. पहाटे छातीत कळ आली आणि नांदेडला न्यायला गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. दफन आजच होतं, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर. पेटी तशीच उघडी टाकून मी उठलो.

संमेलन शुक्रवारी होतं. नववी-दहावीची मुलं सरावाला मिळतात ती फक्त मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, आणि तीही बशीरमुळेच. कंधारला गेलो तर आजचा सराव बुडणार होता. पण खरी धास्ती निराळीच होती. बशीर राहिला नाही म्हटल्यावर या मुलांचे आईबाप त्यांना वाद्यवृंदात ठेवतील कशाला? मधल्या सुट्टीत मी मुलांना बातमी सांगितली. रडारड झाली. मग ढोल वाजवणारी वैष्णवी डोळे पुसत म्हणाली, "सर, तुमी जावा. आमी बसताव की सरावाला." मी तडक बसस्टँड गाठलं.

बशीर बेसूर होता, हे मी आजही सांगणार. माणूस गेला म्हणून काही सुरात येत नाही. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही दोघं नवे मास्तर म्हणून एकत्र रुजू झालो. तो गणिताचा, मी संगीताचा, आणि शाळा म्हणजे पत्र्याची शेड. मुलं काही केल्या आत यायची नाहीत. बाहेर लिंबाखाली बसायची, डोक्यावर छप्पर नको म्हणायची. मी पेटी घेऊन आत बसलो, तसं हळूहळू एकेक जण आत सरकू लागला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात बशीरला हुरूप आला. मदतीच्या सामानात कुणीतरी बँडमधला मोठा ढोल पाठवला होता. त्यानं तो पुढं ओढला आणि दणका दिला. वरचा पत्रा थडथडला आणि क्षणात सगळा वर्ग रानात! शेजारच्या शेडमधली म्हातारी माणसंसुद्धा बाहेर पळाली. जमिनीखालून आलेला तो आवाज त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं ढोल गुंडाळून ठेवला असता. बशीरनं तो उचलून मैदानाच्या पार टोकाला नेला आणि टिपऱ्या मुलांच्या हातात दिल्या. "मी न्हाई वाजवत. तुमीच वाजवा, लई जोरात वाजवा." आवाज आपल्याच हातातून निघतोय म्हटल्यावर पोरांची भीड चेपली. मग बशीर रोज तो ढोल थोडाथोडा शाळेकडं सरकवायचा. आज लिंबापर्यंत, उद्या हौदापर्यंत, परवा दारापर्यंत. मी म्हणायचो, "अरे, एकदाचा आत घे." तो म्हणायचा, "वाघमारे, उत्तर पाठ करून गणित येत नसतंय. पायरी-पायरीनं जाऊ दे." आणि एके दिवशी ढोल आत होता, पत्रा थडथडत होता आणि मुलं वर बघून हसत होती. आमचा वाद्यवृंद सुरू झाला तो त्या दिवशी. त्याचं श्रेय लोक मला देतात. मी ते घेत नाही.

पुढं आम्ही दोघं लातूरच्या शाळेत आलो. शहरात क्लासचं वारं सुटलं होतं. गल्लीगल्लीत बोर्ड लागले, खेड्यापाड्यांतून मुलं खोल्या करून राहू लागली. बशीरनं शाळा सोडून गणिताचा क्लास काढला तेव्हा मी चार महिने त्याच्याशी नीट बोललो नाही. एव्हाना माझी मुलं गळू लागली होती. नववीत गेलं की बासरी कपाटात. एके दिवशी बशीर आला आणि म्हणाला, "मंगळवार-गुरुवार संध्याकाळ मी क्लास बंद ठेवून राहिलो. तुझ्या शाळेतलं ज्याला माझ्याकडं यायचंय, त्यानं त्या दोन दिवशी तुझ्याकडं बसायचं. न्हाईतर प्रवेश न्हाई." मला वाटलं चेष्टा करतोय. पण वैष्णवीचे वडील त्याच्याशी भांडायला आले, तेव्हा मी तिथंच होतो. "पोरीला डॉक्टर करायचंय सर, वाजंत्री न्हाई," ते म्हणाले. बशीर शांतपणे म्हणाला, "गणित मी शिकवून राहिलो, वाजवणं हे शिकवून राहिले. तुमाला कशाचं टेन्शन हाय?" ते तणतणत गेले आणि आठवड्याभरानं फी घेऊन परत आले. त्याच्याकडं प्रवेश मिळणं ही काही साधी गोष्ट नव्हती. आपल्या नावाचा असा वापर करणारा दुसरा क्लासवाला मी तरी पाहिला नाही.

कंधारला पोहोचलो तेव्हा जनाजा उठत होता. खांदा दिला, माती दिली. इम्रान माझा हात धरून उभा होता. कब्रस्तानातून बाहेर पडताना सरावाची वेळ झालेली होती आणि माझं मन नको नको म्हणत असताना शाळेत जाऊन पोहोचलं होतं. शिपाई गोदावरीबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सगळी आलीत सर. दार लावून बसलीत. पहिल्यांदा नुसती रडली, आता वाजवून राहिलीत." मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसलो आणि चारचौघांत रडलो. लाज वाटली नाही.

शुक्रवारी मुलं वाजवायला उभी राहिली. शेवटाला लय पळाली, ती दरवर्षीच पळते. पण एकही जण थांबला नाही. तीस वर्षांत मी पुष्कळ बरे वाद्यवृंद बसवले. एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

तरी मनातली धाकधूक जाईना. बशीरचा क्लास आता सुनंदा चालवते. पत्र्याच्या त्या शेडमध्ये शिकलेली ही मुलगी नंतर त्याच्याच क्लासात शिकवायला लागली. परीक्षा जवळ आल्यात, त्या दोन संध्याकाळीसुद्धा क्लास घ्या, म्हणून पालक तिच्या मागे लागल्याचं कानावर येत होतं. मागच्या आठवड्यात मी मन घट्ट करून त्या गल्लीत गेलो. दारावर नवा बोर्ड लागला होता, रंग अजून ओला. बॅचच्या वेळांनी सगळे चौकोन गच्च भरलेले. मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळचे दोन मात्र कोरे. सुनंदा बाहेर आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पेंटर बी हेच विचारून राहिला सर, हितं लिहायचं राहिलं का म्हणून. म्हटलं, न्हाई. त्या दोन बॅच फुल्ल हायत."