कटरला लावलेलं कुंकू

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कटर आला तेव्हा असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारं, झाडं कापायचं मशीन. वखारवाल्या काकांनी स्वतःसाठी नवं आणलं आणि जुनं माझ्या नवऱ्याला दिलं. वखारीसाठी बांधावरची झाडं तोडून द्यायची, हे त्यांचं, म्हणजे आमच्या मालकांचं काम. तोवर कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत, एवढ्यावरच सगळं चालायचं.

पहिल्यांदा तो चालला आमच्याच बांधावरच्या वठलेल्या बाभळीवर. मी चुलीवर चहा टाकून बघायला गेले. बाभूळ काय साधी असते? कुऱ्हाडीनं अर्धा दिवस खाल्ला असता तिनं. मालकांनी दोरी ओढली, मशीन ओरडलं, आणि तांबडा भुसा त्यांच्या बुटांवर ओतल्यासारखा पडायला लागला. एका बाजूनं खाच, मग मागून काप. झाड कलंडलं, धरणी हादरली. मागं वळून घरात आले तर चहाला नुकती उकळी फुटत होती. बाई गं! मी पातेल्याकडे बघतच राहिले. उतू गेला तरी हात पुढे होईना.

शिकवायला काका स्वतः आले होते. मालकांना शिकवत होते, पण माझे कान तिकडेच.

"टोक लाकडाला लागू द्यायचं न्हाई. लागलं की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. खांद्याच्या वर उचलायचं न्हाई. गळ्यात टॉवेल नको, लोंबतं काहीच नको. गरम मशीनमधी पेट्रोल ओतायचं न्हाई. आन् चेन सुकी पडू द्यायची न्हाई, काय?"

मालक प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणाले. मी विचारलं, "सुकी पडली तर काय हुतं?"

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग बाजूचं झाकण उघडून मला एक भोक दाखवलं. सुई जेमतेम जाईल एवढं. त्या भोकातून तेल येतं, ज्या लांब पट्टीवरून दातेरी चेन फिरते तिच्या खाचेत उतरतं आणि पळणाऱ्या चेनला मिळत राहतं. "हे बुजलं की चेन तापती, सैल पडती, उतरती. आन् उतरली की खालून मागं येती, उजव्या हातावर," काका म्हणाले. एवढं मोठं झाड पाडणारं मशीन, आणि त्याचा जीव एवढ्याशा भोकात!

मालकांना धीर म्हणून नाही. चेनला धार लावायला बसले तर एक दात उगाळून बारीक, दुसऱ्याला कानस लागलेलीच नाही. मग मशीन एका अंगाला ओढायचं आणि काप वाकडा जायचा. मी मुळातच तापट. एके दिवशी हातातली कानस हिसकावली आणि म्हटलं, "तुमी झाडं पाडा, हे माझ्याकडं द्या." पहिल्या दाताला चुन्याचा ठिपका द्यायचा आणि तिथून सुरुवात करायची. प्रत्येक दाताला तीनच हात, पुढेच ढकलायचे, मागे ओढायचं नाही. दातांची तोंडं आलटून पालटून; म्हणून आधी एका अंगाचे सगळे, मग मशीन फिरवून दुसऱ्या अंगाचे. काय नजर असेल हे घडवणाऱ्याची! मी रोज तेच दात घासायची आणि रोज नवल करायची. बायका हसायच्या, "हिनं सवत आणली अन् वर तिची वेणीफणी करती." हसू देत.

सकाळची माझी रीतही ठरलेली. झाकण उघडायचं, कालचा भुसा फडक्यानं पुसायचा, भोक तारेनं मोकळं करायचं, थंड असतानाच चेनचा ताण बघायचा. मग मालक मशीन चालू करून पट्टीचं टोक रद्दी पेपरासमोर धरायचे. पेपरावर तेलाची बारीक रेघ उमटली की मी म्हणायची, "जावा आता." त्या रेघेशिवाय मी त्यांना उंबरा ओलांडू देत नव्हते.

पहिली खंडेनवमी आली. कोयते, कुऱ्हाडी, पांभर, सगळं धुऊन ओळीनं मांडलं, आणि मधोमध कटर. मान त्याचाच मोठा. मी झेंडूची माळ घातली, आणि कुंकू? हात आखडला नाही. पट्टीला पाच बोटं, झाकणाला, दातांवरसुद्धा. हळद वेगळी. वर तेलाचा हात, पोटभर. मनात एकच होतं, बाई, माझ्या माणसाला सांभाळ. दुसऱ्याला कुणाला सांगणार होते मी, काम तर कटरबरोबरच करायचं होतं त्यांना.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन बसले. फडकं हातात घेतलं आणि हात जागच्या जागी थांबला. कुंकू पुसायचं? सवाशिणीनं, आणि तेही नवऱ्याच्या हत्याराचं? नाही झालं माझ्याच्यानं. माळ तेवढी काढली. झाकण उघडलं नाही.

मालक पेपर घेऊन आले. मी म्हटलं, "राहू द्या आज. पूजा केलीय." ते हसले. "मग तर काय बघायलाच नको," म्हणाले आणि गेले.

दुपारी परत आले ते उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून. टॉवेल सोडला. बोटं मोजली. पाचही होती. पुन्हा मोजली. मनगटाजवळ एक चीर, वीतभर नाही पण रक्त थांबत नव्हतं. हळद दाबली, बांधलं, तालुक्याला नेऊन टाके घातले. डॉक्टरांसमोर मी अजून बोटंच मोजत होते.

घरी आल्यावर ते ओट्यावर टेकले. मी मशीन पुढ्यात ओढलं. चेन उतरून लोंबत होती. मागच्या मुठीखाली हाताला आडोसा म्हणून एक रुंद पट्टा असतो. रोज पुसायची, पण तो कशासाठी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. त्याच्यावर चेनचा घाव होता, चांगला बोटभर लांब. तो पट्टा नसता तर तो घाव कुठे बसला असता, ते बघायला मला डोळे मिटावे लागले नाहीत. हात जोडले गेले आपोआप.

मग पान्यानं झाकण उघडलं. आत तांबडा चिखल. भोक गच्च बुजलेलं.

मालक ओट्यावरूनच, न बघता, घाईनं म्हणाले, "भुसा हाय. बाभळीचा तांबडाच असतो."

मी बोट लावून वास घेतला. तेल आणि हळदीचा. खाचेत झेंडूची एक पाकळी अडकली होती, तापून काळी पडलेली. मी ती चिमटीत धरून त्यांच्यापुढे केली.

"बाभळीला झेंडू कधीपासनं यायला लागला?"

ते खाली बघायला लागले. तेव्हा कळलं, झाडाखालीच झाकण उघडून बघितलं होतं यांनी. रक्त गळत्या हातानं सगळं बघून, झाकण परत लावून आणलं होतं, मला कळू नये म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "खोटं तरी नीट बोलावं माणसानं!" मी ओरडलेच.

फडकं घेतलं. दातांवर, झाकणावर, पट्टीवर माझी बोटं अजून तशीच लाल उमटलेली होती. पट्टीपाशी फडकं नेलं आणि हात पुन्हा अडला. काहीही झालं तरी कुंकू ते.

मालकांनी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

"पूस गं," ते म्हणाले. "मी बसलोय की हितं."

मी पुसलं.