बिरूआबांची दुपारची हाक

"फुंका आबा, जोरात!"

बिरूआबांनी नळीत फुंकलं. काटा ३२० वर. परत नॉर्मल!! आठवड्यात तिसऱ्यांदा.

मी जळकोटजवळच्या उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे डॉक्टर सरांच्या हाताखाली ओपीडी बघते. ही नळी म्हणजे पीक फ्लो मीटर. छातीतली हवा किती जोरात बाहेर येते ते कळतं.

आबा मेंढ्या राखतात. दुपारी दम कोंडतो म्हणायचे. पोरगा म्हणायचा, "नळी नॉर्मल दावती न्हवं? मग म्हाताऱ्याला रानाचा कंटाळा आलाय. मेंढ्या इकून टाकतो." मेंढ्या गेल्या तर आबांकडं राहणार काय?

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग औषध कशाचं देऊ?"

आबा उठले. "मॅडम, तुमच्या नळीला काय कळतंय? सकाळी माझी हाक एका दमात ओढ्यापार जाती. दुपारी निम्म्यात तुटती."

माझी ट्यूब पेटली!! ओपीडी सकाळची, दम दुपारचा. मी भलत्याच वेळी फुंकायला लावत होते!

दुसऱ्या दिवशी तीनला माळावर गेले. लई भारी होतं तिथं! आभाळ निळंशार. धूर न्हाय, धूळ न्हाय. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या, जणू सगळा माळच डुलक्या घेतोय. लांब हायवेवर ट्रक चाललेले, खेळण्यातल्यासारखे, आवाजाशिवाय. आबांनी हाक दिली. ती तरंगत गेली... आणि खोकल्यात तुटली.

नळी म्हणाली २३०.

हायवेकडं बघून मला ओझोनचा संशय आला. गाड्यांच्या धुरातले वायू कडक उन्हात शिजले की जमिनीलगत ओझोन होतो. उंच आभाळातला ओझोन आपल्याला राखतो, पण हा श्वासाच्या नळ्यांना सूज आणतो. दिसत न्हाय, दुपारी जास्त असतो.

आठवडाभर दोन्ही वेळा फुंकवलं. दुपारी रोज काटा खाली. फक्त एक दिवस ढग होते, तेव्हा हाक ओढ्यापार गेली!

सरांनी आकडे बघितले. "ओझोनच आहे असं छातीठोक सांगता येत न्हाय, इथं मोजायचं यंत्रच न्हाय. पण दमा आहे, आणि दुपारी वाढतोय." त्यांनी दम्याचा, तोंडानं ओढायचा पंप सुरू केला.

पोरानं मान खाली घालून विचारलं, "मग मेंढ्या?"

मी म्हणाले, "मेंढ्या ठेवा, वेळ बदला. अकराच्या आत घरी, उन्हं कलल्यावर परत."

आबा हसले. "दुपारी मेंढ्याबी चरत न्हाईत. मीच येडा हिंडत हुतो."

आता संध्याकाळी त्यांची हाक उपकेंद्रापर्यंत येते. आणि मी केसपेपरवर त्रास काय, याच्या आधी त्रास कधी, हे लिहिते.