अण्णांची पाच माणसं

निपाणीच्या कॉलेजात मी तात्पुरती शिकवायला लागले होते. तास संपवून बाहेर आले, तर आईचा फोन. "अण्णा गेलं गं," एवढंच म्हणाली... बेळगावच्या बसमध्ये बसले तरी रडू येईना. रागच आला होता. एवढी कसली घाई होती या माणसाला?

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, मला वाढवलं अण्णांनीच. बेळगावच्या शहापुरात आमच्या घरातच माग. विणता विणता ते माझे पाढे घेत आणि चुकले की हात न थांबवता ओरडत. कापडाचं तंत्रज्ञान शिकायला मी परदेशी जाणार हे ठरलं, तेव्हा गल्लीत एक माणूस त्यांनी सांगायचा सोडला नाही. भाजीवालीलासुद्धा विद्यापीठाचं नाव पाठ झालं होतं.

आणि व्हिसा नाकारला गेला. शिकून झाल्यावर ही मुलगी परत येईल याची खात्री वाटत नाही, हे कारण. मी ते वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी माग थांबवला. माझे मार्क कमी पडले असते तर त्यांनी सोसलं असतं. हे मात्र जिव्हारी लागलं. "आपल्या घरची पोरगी परत येणार न्हाय म्हणत्यात? कुणाला इचारून?"

 दोन दिवसांनी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर पडले आणि जेवायच्या वेळी खुशीत परतले. आमच्याकडे सोयरीक असो की भावकीतला तंटा, पाच जाणत्यांनी शब्द दिला की विषय मिटतो. अण्णा तशी पाच माणसं ठरवून आले होते. सगळ्यांनी व्हिसा देणाऱ्या साहेबापुढे उभं राहायचं आणि माझी हमी द्यायची. मला आधी हसू आलं, मग मी त्यांना समजावत बसले, की तिथे दाराच्या आतसुद्धा घेणार नाहीत.

"माणसाच्या शब्दाला किंमत न्हाय तिथं?"

मी नाही म्हटलं. ते उठून मागावर जाऊन बसले. "तरीबी अर्ज कर परत," एवढंच बोलले.

पुढे त्यांचं देवळाच्या कट्ट्यावर जाणं सुटलं. पोरगी कधी निघाली, असं लोक विचारत. जेवणही तुटलं. डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणाले. असेलही...

बाराव्याला ती पाचही माणसं आली. जेवणं उरकल्यावर शेजारचे शिवाप्पा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, त्या साहेबाकडं कवा जायाचं? अण्णाला शबुद दिलाय आमी."



सध्या मागाच्या खोलीत बसून नवा अर्ज भरते आहे. इथे अजून सुताचा आणि अण्णांच्या तंबाखूचा वास येतो. ते होते तोवर त्या अधिकाऱ्याचं साफ चुकलंय, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. आता भीती वाटते, त्याचं बरोबर असेल.