समारंभाआधी लिहिलेली बातमी

जळगावच्या एका दैनिकात रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं अर्धं पान मी बरीच वर्षं सांभाळतो. नवी पुस्तकं, प्रकाशन समारंभ, पुरस्कार, कोणाची दुसरी आवृत्ती आली, कोणत्या प्रकाशकाने दुकान बंद केलं, अशा बातम्या. खानदेशात पुस्तकं कोण काढतं, असं पुण्याकडच्या एका लेखकाने मला एकदा विचारलं होतं. माझ्या टेबलावर आठवड्याला चार-पाच तरी येतात. धुळ्याहून, अमळनेरहून, भडगावहून. बहुतेक निवृत्त माणसांची असतात.

आमची पुरवणी शनिवारी दुपारीच छापून होते. माझं पान सकाळी अकराला छपाईला सोडावं लागतं. आणि प्रकाशन समारंभ असतात शनिवारी संध्याकाळी. यातून एक सवय लागली. शुक्रवारी निमंत्रणपत्रिका समोर ठेवून मी बातमी लिहून टाकायचो. ‘मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन झाले’, ‘सभागृह तुडुंब भरले होते’. पाहुण्याचं भाषण त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेतून घ्यायचो. प्रस्तावनेत ‘मला वाटते’ असेल तिथे ‘असे त्यांनी सांगितले’ केलं की भाषण तयार. लेखक खूश, प्रकाशक खूश. समारंभाला जायची गरजच उरत नसे. पुस्तकही मी प्रस्तावना आणि मलपृष्ठ एवढंच वाचायचो, हेही इथे कबूल करतो.

धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक छोटी प्रकाशनसंस्था चालवतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्यांनी एक पुस्तक पाठवलं. लिहिणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. शिंदखेडा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्यांनी केलेल्या बाळंतपणांच्या त्या आठवणी होत्या. प्रमाण मराठीत लिहिलेल्या, पण बायकांचं बोलणं अहिराणीत. समारंभ दोंडाईचाला शनिवारी चार वाजता, प्रमुख पाहुणे पुण्याचे एक समीक्षक.

गुरुवारी लेखिकेचा फोन आला.

“भाऊ, तुम्ही येणार ना?”

“बातमी येईल ताई. काळजी करू नका.”

“बातमीचं नाना बघतील. तुम्ही या. पुस्तक वाचलं का?”

मी म्हणालो, “चाळलं.”

“मग गाडीत वाचा,” त्या म्हणाल्या. त्यात चिडणं नव्हतं, टोमणाही नव्हता. औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला नाही म्हणता आलं नाही.

शुक्रवारी बातमी नेहमीप्रमाणे लिहिली. शनिवारी अकराला पान सोडलं आणि सुरत लाइनची गाडी पकडली. धरणगावपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो, मग पुस्तक काढलं. अमळनेर कधी गेलं कळलं नाही. बाईंनी काही सजवलं नव्हतं. कोणत्या घरात दिवा नव्हता, कोणत्या सासूने दार अडवलं, कोणत्या गावात पुढाऱ्याच्या घरचं पाणी या ‘जयभीमवाल्या नर्सबाई’ला वरून ओतून मिळालं आणि त्याच घरची सून चार महिन्यांनी त्यांच्याच हाताने कशी सुटली, हे त्यांनी ड्यूटीच्या वहीत नोंद करावी तसं लिहिलं होतं. समीक्षकांच्या प्रस्तावनेत यातलं काही नव्हतं. ‘ग्रामीण स्त्रीजीवनाचा अस्सल दस्तऐवज’ असं होतं, आणि तेच मी बातमीत त्यांच्या तोंडी घातलं होतं.

नरडाण्याला गाडी थांबली आणि नानांचा फोन आला.

“पाहुणे येत नाहीत. ताप आलाय म्हणे. आत्ता कळवतायत, बघा.”

“मग प्रकाशन कोणाच्या हस्ते?”

“बघतो. एक माजी नगरसेवक आहेत इथले. तुम्ही बातमीचं टेन्शन घेऊ नका, आहे तशी जाऊ द्या.”

मी लगेच ऑफिसला फोन लावला. पुरवणी मशिनवर चढली होती. अर्धी छापून झाली होती. मी फोन खिशात ठेवला आणि पुस्तकाची उरलेली पानं वाचायचा प्रयत्न केला, पण लक्ष लागेना.

दोंडाईचाला मिरचीचा हंगाम होता. स्टेशनबाहेर आलो तर सगळ्या गावात मिरचीची झोंबरी खाट सुटलेली. समारंभ बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होता. नाका-तोंडाला रुमाल लावून पोचलो तेव्हा वंदना चालली होती. पन्नास-साठ माणसं असतील, त्यात बायका जास्त. हॉल तुडुंब भरलेला नव्हता.

लेखिका पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाना त्यांच्या कानाशी नगरसेवकांचं सांगत होते. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“त्यांना पुस्तकातलं काय माहीत आहे?”

“माहीत नसलं तरी चालतं, ताई. फीत सोडायची, दोन शब्द बोलायचे.”

“नको. मी सांगते कोण करेल ते.”

त्या उठल्या आणि मागच्या रांगेत गेल्या. तिथे पन्नाशीची एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. ती मिरची वाळवायच्या पठारीवर कामाला जायची, देठं खुडून तिची बोटं लाल झालेली होती. पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणातली बाळंतीण ती होती. नाव बदललेलं होतं आणि लिहिण्याआधी तिची परवानगीही घेतलेली होती. त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी म्हणजे तिच्या शेजारी बसलेली ही.

तिला व्यासपीठावर आणलं. ती आधी ‘नही, नही’ म्हणत पदर सावरत राहिली. मग तिने फीत सोडली, पुस्तक सरळ-उलटं करून पाहिलं आणि लेखिकेला म्हणाली, “मना बारामा काय लिखेल शे, ते वाची दखाडा.”

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. पण लेखिकेने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पायाळू बाळ, बैलगाडीचा रस्ता, दवाखान्यापर्यंत पोचणं शक्य नाही म्हणून शेतातल्या खोलीत केलेली सुटका, न रडणारं बाळ. शेवटी एक वाक्य होतं, ‘त्या दिवशी माझा हात जराही थरथरला नाही.’

“नही बाई,” ती म्हणाली. “हाई असं नव्हतं.”

लेखिकेने पुस्तकातून डोकं वर केलं.

“तुमना हात थरथर कापत व्हता. तुमी रडत व्हत्यात. मीच तुमले सांगं, बाई, रडू नका, व्हई जाई बठ्ठं.”

लेखिकेने चष्मा काढला. मग म्हणाल्या, “हो. ‘सगळं होऊन जाईल’, तूच म्हणाली होतीस. मी पार विसरले.” आणि पुढे, थोडं थांबून, “विसरले नाही. लिहायची लाज वाटली.”

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. ती बाईही हसली. मीही टाळ्या वाजवल्या. पण उद्या सकाळी खानदेशभर छापून येणार होतं की हे पुस्तक पुण्याच्या समीक्षकांच्या हस्ते प्रकाशित झालं आणि त्यांच्या भाषणाने सभागृह भारावलं. तिथे उभं राहून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. चहा घेतला, मोबाइलवर दोघींचा एक फोटो काढला आणि परतीच्या गाडीला निघालो.

रविवारी सकाळी नानांचा मेसेज आला, कात्रणाचा फोटो आणि नमस्काराचे हात. दुपारी समीक्षकांनी माझा नंबर मिळवून फोन केला. ताप उतरला होता. “वृत्तांत उत्तम झालाय,” ते म्हणाले. “माझे मुद्दे तुम्ही नेमके पकडलेत.” आपण तिथे नव्हतो याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

सोमवारी लेखिकेचा फोन आला.

“भाऊ, एक अडचण झाली. माझी नाही, तिची.”

त्या मिरचीवाल्या बाईने शनिवारी वस्तीत सगळ्यांना सांगितलं होतं की नर्सबाईचं पुस्तक माझ्या हाताने निघालं, उद्या पेपरात येईल. रविवारी कोणीतरी पेपर आणला. तिच्या मुलीनेच मोठ्याने वाचला. आता पठारीवरच्या बायका तिला ‘पुण्याचे साहेब’ म्हणून हाक मारत होत्या.

“ती काय म्हणते?” मी विचारलं.

“आज कामाला गेली नाही.” मग बाई म्हणाल्या, “तुम्ही तर समोर बसला होतात. मग असं कसं लिहिलं?”

मी खरं ते सांगितलं. आधीच लिहिलेलं होतं, नेहमीच आधी लिहितो.

“म्हणजे मी तुम्हाला उगाच बोलावलं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. खुलासा आणि खरा वृत्तांत पुढच्या रविवारी द्यायचा आहे, म्हणालो.

“खुलासा मागितलाय कोणी? लेखिकेने? प्रकाशकाने?”

“नाही.”

“पाहुण्यांनी?”

“ते खूश आहेत.”

“मग? हे एक छापलं की लोक विचारतील, मागच्या बातम्यांचं काय. काय सांगणार?”

“मागच्याही तशाच होत्या, असं.”

संपादक तसा माणूस वाईट नाही. त्यांनी मला दाराबाहेर काढलं नाही, दोन दिवस विचार करतो म्हणाले. मी पठारीवरचं सगळं सांगितलं, ती बाई कामाला गेली नाही हेही. त्यांची स्वतःची आई विडी कामगार होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते फक्त म्हणाले, “फोटो आहे का तिचा?”

पुढच्या रविवारी पानाच्या वरच्या बाजूला फोटो आला. ती बाई पुस्तक हातात धरून, शेजारी लेखिका. खाली मी जे घडलं ते लिहिलं, तिने प्रकरण कसं दुरुस्त केलं तेही. शेवटी लिहिलं होतं की आधीची बातमी समारंभापूर्वी लिहिलेली होती, ती चूक माझी. यापुढचं, म्हणजे बाकीच्या बातम्यांबद्दलचं वाक्य, संपादकांनी काढून टाकलं. त्यावर मी वाद घातला नाही.

सोमवारी मीच लेखिकेला फोन लावला. ती बाई त्यांच्याकडेच आलेली होती. फोन तिच्या हातात दिला.

“पेपर दखा का, अक्का?”

“दखा. पोरनी वाचा.” मग म्हणाली, “फोटो बेस नही उना. डोयाच मिटेल शेतस मना.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या. आते बठ्ठ्या गप बसन्यात.” आणि तिने फोन परत दिला.

नाना मात्र चिडले. ते पहिलं कात्रण त्यांनी दोन पुरस्कारांच्या अर्जांना जोडलं होतं. “तुम्ही माझं नाव घालवलंत,” म्हणाले, “पाहुणा आला नाही हे जगाला सांगायची काय गरज होती?” वर्षभर त्यांनी मला पुस्तक पाठवलं नाही. समीक्षकांचा पुन्हा फोन आला नाही. भुसावळच्या एका प्रकाशकाने तर सरळ विचारलं, “मग आमच्या मागच्या समारंभाला तरी तुम्ही होतात का?” नव्हतो.

तेव्हापासून मी समारंभाआधी ‘होणार आहे’ एवढंच लिहितो. ‘झाले’ लिहायचं तर जाऊन येतो, आणि ते आठवडाभर उशिराने छापतो. प्रकाशकांना शिळी बातमी आवडत नाही. त्यामुळे बातम्या कमी झाल्या, आणि अर्ध्या पानाचं पाव पान झालं. उरलेल्या जागेत आता शिकवणीवर्गांची जाहिरात असते. जायचं म्हणजे एसटी, उन्हं, ऐकावी लागणारी लांब भाषणं. कधी कधी समारंभाला लेखकाच्या घरची चार माणसंच असतात. तसं असेल तर तसं लिहितो. पुस्तकं मात्र आता वाचावी लागतात, कारण गाडीत दुसरं काही करायला नसतं.

लेखिकेने पुढचं वर्ष वेगळ्याच कामात घालवलं. पुस्तकात ज्या-ज्या बाईवर प्रकरण होतं, तिच्या घरी त्या गेल्या आणि तिला ते वाचून दाखवलं. काही जणी वारल्या होत्या, तिथे मुलीला किंवा सुनेला ऐकवलं. एकीने तारीख चुकली म्हणून सांगितलं, एकीने नवऱ्याचं वागणं इतकं वाईट नव्हतं म्हणून सांगितलं, आणि तिसरीने, लिहिलंय त्याहून वाईट होतं म्हणून. एका घरात त्यांना चहाही मिळाला नाही. त्या बाईला आपलं काहीच पुस्तकात नको होतं. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण नाही. नाना म्हणत होते की पानं कमी झाल्याने पुस्तक बारीक दिसेल. बाई म्हणाल्या, दिसू द्या.

त्या आवृत्तीचा समारंभ केला नाही. मी चार ओळींची बातमी दिली.