खिडकीतली छत्री

पक्षाघाताने बायकोचे सगळे शब्द नेले आणि एकच मागे ठेवला. छत्री.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोकडे नेमका हाच शब्द उरावा, याचं गल्लीतल्या काहींना हसू आलं. छत्रीवाल्या काकांना मात्र तो शब्द काही सुचू देईना. पाणी हवं असलं की ती भांड्याकडे बघे, कूस बदलायची असली की कण्हे. हे मागणं वेगळं होतं. खिडकीकडे बघत ती तो शब्द म्हणे आणि मग काकांकडे बघे, सांगितलेलं काम विसरलेल्या माणसाकडे बघावं तशी. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर सांगून गेले होते. तिचं हे मागणं तसंच राहून जाईल, या धास्तीने काकांचं जेवणातही लक्ष नसे.

त्यांनी घरातल्या छत्र्या एकेक करून तिच्यापुढे उघडल्या. तिची स्वतःची, मोडक्या मुठीची, गिऱ्हाइकं विसरून गेलेली. प्रत्येक वेळी तिने तोंड फिरवलं.

उलगडा केला मेहुणीने. ती पलीकडच्या गल्लीतून रोज बहिणीपाशी येऊन बसायची.

"भाऊजी, जन्म छत्र्यांत गेला आणि एवढं कळेना? टीव्हीची छत्री म्हणतेय ताई. समोरच्या गच्चीवर आहे ना, तीच बघत पडलेली असते. तुमच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दुसरं काय बघणार बिचारी?"

काकांना पटलं. खरं म्हणजे हायसं वाटलं. ही छत्री निदान दुकानात मिळणारी होती.

दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. "ही लहान, कुठेही बसते. पण ढग दाटले की चित्र अडखळतं. ही मोठी, भक्कम पत्र्याची. आभाळ फाटलं तरी हिला फरक पडत नाही, पण जागा खाते. टीव्हीशेजारी ठेवायचा बॉक्स दोन्हींना लागतोच."

काकांनी मोठीच्या पाठीवरच्या लोखंडी काड्यांवरून बोट फिरवलं, एक काडी दाबून पाहिली.

"काका, ही मिटत नाही हं," दुकानदार म्हणाला.

"मग दाराआड कशी ठेवायची?"

दोघं हसले. हसता हसता काकांना दाराआड टेकवलेली आपली धंद्याची छत्री आठवली. ठिगळाठिगळांची, चार माणसं मावतील एवढी. ती कोपऱ्यावर रोवून ते खाली कामाला बसत. बायको अंथरुणाला खिळल्यापासून ती उघडलीच नव्हती.

चित्र अडखळलं तर ही कुणाला सांगणार, असा विचार करून त्यांनी मोठी घेतली.

घरमालकाने गच्चीला कुलूप घातलेलं. मेकॅनिक घरभर फिरला आणि पलंगाजवळच्या खिडकीशी थांबला. "आभाळ एवढंच आहे तुमच्याकडे." भिंतीला भोकं पाडून त्याने छत्री खिडकीबाहेर बसवली. तो वाकून ती केसभर सरकवी आणि काका टीव्हीपुढून ओरडत, "आलं... गेलं... आलं, आलं, तिथंच धर."

पलंगावरून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. बायकोचे डोळे वाहत होते.

"काकूंना आनंद झाला," मेकॅनिक म्हणाला. मेहुणीनेही पदर डोळ्यांना लावला.

चित्र लख्ख आलं. पण बायको त्याच्याकडे बघेना. संध्याकाळी तिची उशी सारखी करताना काकांचं डोकं तिच्या डोक्याशी आलं आणि तिला दिसत होतं ते त्यांना दिसलं. पत्र्याची पाठ आणि काठाशी बोटभर रस्ता. पत्रा नसता तर तिथे कोपरा दिसला असता. त्यांच्या बसण्याचा कोपरा.

"अगं, आपली? दाराआडची?"

तिने सावकाश डोळे मिटले आणि उघडले.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "काढतो की, पण लगेच नाही जमणार. कामं तुंबलीत."

काकांनी त्याची वाट पाहिली नाही. सकाळी मेहुणीला खिडकीशी बसवून ते दाराआडची छत्री खांद्यावर टाकून खाली उतरले. नेहमीच्या जागेवरून वर बघितलं, तर नुसता पत्रा. मग ते छत्री उघडी धरून रस्त्याच्या कडेने सरकू लागले. मेहुणी बहिणीच्या उशीला गाल टेकवून बघे आणि उठून खाली ओरडे.

"आली... गेली, भाऊजी, गेली... थोडं मागे... हं, आली."

जागा सापडली ती कचऱ्याच्या डब्यांपाशी. तिथे गिऱ्हाईक फिरकणार नव्हतं. काकांनी दोन दगडांत दांडा रोवला, खाली बसले आणि हत्यारांची पेटी उघडली.

"बघतेय का ती?"

मेहुणी आत वळली. मग पुन्हा खिडकीत आली.

"बघतेय," ती म्हणाली. "एकटक बघतेय. पण आता काही म्हणत नाही हो."

तिचं मागणं पुरं झालं, की तो एक शब्दही गेला, ते काकांना कळेना. वारा सुटला होता. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि छत्री हलू दिली नाही.